पन्नास हजार लिटर तुंबा

हरिदास बांबोळे यांच्याकडे अमेरिकेचा पाहुणा आला नसता, तर नवजीवन कॉलनीची पाण्याची टाकी चारचौघींसारखी गोल आणि गुमान झाली असती, आणि ही गोष्ट सांगायचं कामच पडलं नसतं. पण पाहुणा आला. त्यातही बायकोच्या माहेरचा आला, म्हणजे त्याचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची सोय नाही.

वच्छलाबाईंचा मावसभाऊ सुगत शिकागोजवळच्या कुठल्याशा वस्तीत इंजिनिअर होता. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत तो बहिणीला भेटायला गडचिरोलीला आला. येताना त्यानं अंगाला लावायचे साबण, एक टॉर्च आणि फोटोंचा एवढा गठ्ठा आणला, की तो पाहता पाहता दोनदा चहा झाला. प्रत्येक फोटोत हिरवं गवत, पांढरं घर आणि घरापुढे सुगत. घर तेच, सुगत तोच, फक्त स्वेटर बदलायचा.

“ही आमची वस्ती, भाऊजी. शहराच्या बाहेर आहे, पण नाव सगळ्या देशात आहे,” सुगत म्हणाला.

हरिदासभाऊंनी चष्मा वर केला. किल्ला प्रसिद्ध असतो, बाजार प्रसिद्ध असतो, चंद्रपूरचं ऊन तर फारच प्रसिद्ध. पण शहराबाहेर प्लॉट पाडून बांधलेली घरं प्रसिद्ध असतात, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

“कायच्यानं बाप्पा?” त्यांनी विचारलं.

“कायच्यानंही. एखाद्या वस्तीत सगळी घरं एका साच्यातली, म्हणून ती प्रसिद्ध. एखादीत फक्त कोट्यधीश राहतात. एखादीत कधीकाळी खून झाला, तर लोक अजून ते घर पाहायला जातात. आणि एका गावात तर पाण्याची टाकीच सॉसच्या बाटलीसारखी आहे. लोक दुरून गाड्या करून येतात, टाकीपुढे उभं राहून फोटो काढतात.” मग त्यानं अगदी निर्मळ मनानं विचारलं, “तुमची कॉलनी कशासाठी प्रसिद्ध आहे, भाऊजी?”

हरिदासभाऊ उत्तर शोधू लागले. तेवढ्यात आतून, चुलीपाशी बसलेल्या वच्छलाबाईंचा आवाज आला, “पानी नाई म्हणून!”

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त लागलं. गडचिरोली जिल्हा होऊन जेमतेम साडेचार वर्षं झाली होती. इथली बदली म्हणजे शिक्षा, असं अख्खा महाराष्ट्र समजायचा. नव्या साहेबांच्या बायका बसमधून उतरताच रडायला लागायच्या. हरिदासभाऊ मात्र चंद्रपूरची कचेरी सोडून आपखुशीनं इकडे आलेले. हेडक्लार्क झाले, धानोरा रोडवर गावाच्या पार टोकाला, जिथं पुढे सागाचं जंगलच लागतं, तिथं प्लॉट घेतला, घर बांधलं आणि कॉलनीचे सेक्रेटरी झाले. कॉलनीत रस्ते आखलेले होते, दिव्याचे खांब होते, घरोघरी नळही लागलेले होते. पितळेचे, चकचकीत. वच्छलाबाई दर रविवारी तो नळ चिंचेनं घासायच्या. पाणी तेवढं त्यातून कधी आलं नव्हतं. पाण्यासाठी सगळ्या बायका डोक्यावर गुंड, म्हणजे पितळी घागर, घेऊन पलीकडच्या वावरातल्या रुखमाबाईच्या विहिरीवर जायच्या, आणि रुखमाबाई एका गुंडामागे दोन टोमणे फुकट द्यायची.

आता टाकी मंजूर झाली होती. खांब उभे राहिले होते, खांबांवर सिमेंटचं गोल पिंप चढत होतं. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी सुरू होणार, असं खात्यानं सांगितलं होतं. सुगत गेला, साबण संपले; पण हरिदासभाऊंच्या डोक्यात ती सॉसची बाटली उभीच राहिली.

त्यांनी कॉलनीची सभा बोलावली.

सभा नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली भरली. हरिदासभाऊंनी तासभर प्रास्ताविक केलं. अमेरिकेतली वस्ती कशी देशभर गाजते आणि आपली कॉलनी बस कंडक्टरलाही ठाऊक नाही, हे त्यांनी इतक्या कळकळीनं मांडलं की दोघातिघांना तर आपण अमेरिकेतून हाकलून दिलेले आहोत असंच वाटायला लागलं.

“तं आपल्या टाकीले आकार द्यायचा,” ते म्हणाले. “असा आकार, का दिल्लीचा मानूस बी म्हनंल, हे तं गडचिरोलीची नवजीवन कॉलनी!”

किराणा दुकानवाले गुलाबभाऊ भांडेकर शेजारी राहायचे. ते ताबडतोब म्हणाले, “कळस करा. शुभ राह्यते.”

मागच्या ओळीतल्या मास्तरांना कमळ हवं होतं. कमळावरून गुलाबभाऊंना शंका आली, की कमळ कोणाचं? देवीचं का विहारातलं? कळसावरून मास्तरांना तीच शंका आली. कोणी आंबा म्हणालं, कोणी वाघ. वाघाच्या तोंडातून पाणी पाडता येईल, असं एकानं सुचवलं. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, की तोंडातूनच पडेल याची काय गॅरंटी? सभा हातघाईवर यायला लागली.

तेव्हा वारलू मडावी उठले. वारलूभाऊ जंगल खात्यातून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, उंच, काटक, आणि वर्षातून दोनदाच बोलणारे. ते म्हणाले, “तुंबा करा.”

“तुंबा?”

“भोपळ्याचा. वाळवलेला. लहानपनी कोनं कोनं तुंब्याचं पानी नाई पेलं, हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. गोंडाच्या घरी तुंबा होता, तेल्याच्या घरी होता, बौद्धाच्या घरी होता. रानात जाताना खांद्याला लटकवलेला, गळ्याशी बारीक, पोटाशी गरगरीत. त्यातलं पाणी मे महिन्यातही गार. “तुंब्याले जात नाई, देव नाई, पक्ष नाई,” वारलूभाऊ म्हणाले आणि खाली बसले. वर्षाचं बोलणं झालं. ठराव एकमतानं मंजूर. हरिदासभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कॉलनीत आलेलं ते पहिलंच पाणी.

पुढचं काम सरकारी होतं, म्हणजे हरिदासभाऊंच्या हातचं. त्यांनी असा अर्ज लिहिला की वाचताना त्यांनाच भीड वाटली. तो घेऊन ते पाणीपुरवठ्याच्या सोमण साहेबांकडे गेले. सोमण साहेब सांगलीकडचे. इथं आल्यापासून त्यांनी वळकटी सोडली होती, पण ट्रंक उघडली नव्हती; बदलीचा हुकूम आला की बांधाबांध नको म्हणून.

“भोपळा?” साहेब म्हणाले.

“तुंबा, साहेब. बाह्य सुशोभीकरण.”

“अहो बांबोळे, टाकी ही टाकीसारखी दिसली पाहिजे.”

“असा नियम कुठी आहे जी?” हरिदासभाऊंनी नम्रपणे विचारलं. हेडक्लार्क माणूस नम्रपणे नियम विचारतो, तेव्हा भल्याभल्या साहेबांना घाम फुटतो. सोमण साहेबांनी सगळी कपाटं धुंडाळली. टाकी किती उंच असावी, भिंत किती जाड असावी, हे लिहिलेलं होतं. ती कशासारखी दिसू नये, हे कुठेच नव्हतं. शेवटी ‘रहिवाशांनी स्वखर्चाने बाहेरून सुशोभीकरण केल्यास हरकत नाही’ असा शेरा मारून ते मोकळे झाले. आपण तोवर सांगलीला पोचू, असा त्यांचा हिशेब होता.

तुंबा घडवायला लटारू कारागीर आला. लटारू तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल करायचा आणि त्याच्या बैलांना चंद्रपूरपर्यंत मागणी होती. एवढा मोठा भोपळा त्यानं कधी केला नव्हता. पण ‘जमणार नाही’ हा शब्द त्याच्या घराण्यातच नव्हता. “बैलाचं पोट करतो न जी मी,” तो म्हणाला. “तसंच असते.” सिमेंटच्या पिंपाभोवती त्यानं सळया वाकवल्या, जाळी बांधली, आणि जाळीवर गिलावा मारायला सुरुवात केली.

इथंच शेजारधर्म आडवा आला. सकाळ-संध्याकाळ कॉलनीतला प्रत्येक माणूस टाकीखाली उभा राहून वर बघत सल्ले द्यायचा. गुलाबभाऊ म्हणाले, पोट फार सुटलं आहे, सावकारासारखं दिसते, जरा चापून घ्या. लटारूनं पोट चापलं. मास्तर म्हणाले, मान आखूड आहे. लटारूनं मान लांब केली. कोणी म्हणालं, खांद्याचा उतार सारखा नाही, तो सारखा झाला. कोणी म्हणालं, वर झाकण पाहिजे, नाहीतर माकडं आत उतरतील. लटारूनं वर पत्र्याचं गोल झाकण बसवलं आणि ते लांबून दिसावं म्हणून लालभडक रंगवलं.

तुंब्याच्या अंगाला वाळक्या भोपळ्याचा पिवळट रंग हवा होता. तो गडचिरोलीत मिळाला नाही. वारलूभाऊंनी ओळखीनं जंगल खात्याच्या विश्रामगृहाचा उरलेला रंग आणला. डब्यात तो तपकिरी दिसत होता. भिंतीवर बसल्यावर मात्र लालसर, मधासारखा, आणि ऊन पडलं की आरपार दिसतो आहे असं वाटावं इतका चकचकीत.

एवढ्यावरही सावरलं असतं. पण शेवटचा हात खुद्द हरिदासभाऊंचा लागला. कॉलनीचं नाव रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे, म्हणून त्यांनी तुंब्याच्या पोटावर मधोमध पांढरा चौकोन काढायला लावला. चौकोनाला सोनेरी काठ. आत मोठ्या अक्षरांत ‘नवजीवन’. खाली बारीक अक्षरांत ‘स्थापना १९८३’. आणि जागा उरली म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन तारे.

मार्चच्या शेवटी बांबूची परांची उतरवली. सगळी कॉलनी गोळा झाली होती. हरिदासभाऊंनी नवा सदरा घातला होता. शेवटचा बांबू खाली आला, सकाळचं ऊन टाकीवर पडलं, आणि सगळीकडे शांतता पसरली. ती कौतुकाची आहे असं हरिदासभाऊंना वाटलं. वच्छलाबाईंनी एकदा वर पाहिलं, पदर तोंडावर धरला आणि त्या घरात निघून गेल्या.

“लय भारावली वाटते,” हरिदासभाऊ म्हणाले.

“हव न,” गुलाबभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले.

खरा अभिप्राय दुसऱ्या दिवशी आला. सिरोंच्याकडून येणारा एक ट्रक टाकीपुढे करकचून थांबला. ड्रायव्हर उतरला, मान मागे टाकून त्यानं टाकीचं वरपासून खालपर्यंत दर्शन घेतलं आणि फाटकाशी उभ्या हरिदासभाऊंना तेलुगूत विचारलं, “एंत, अन्ना?”

‘एंत’ म्हणजे ‘किती’, एवढं हरिदासभाऊंना कळत होतं. त्यांची छाती फुगली. “पन्नास हजार लिटर!” ते म्हणाले.

ड्रायव्हरनं टाकीला हात जोडले. मग ट्रकमधून रिकामी बाटली आणून त्यांच्या हातात दिली आणि हिंदीत म्हणाला, “फिलहाल एक पाव दे दो.”

हरिदासभाऊंनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग पुन्हा बाटलीकडे. तीच मान, तेच खांदे, तेच लाल झाकण, तोच मधासारखा रंग आणि पोटावर तीच सोनेरी काठाची चिठ्ठी. फरक म्हणाल तर बाटलीवर दोनच तारे होते.

असं झालं त्या तुंब्याचं. आणि मग कॉलनी प्रसिद्ध व्हायला लागली. आधी कंडक्टर लोकांनी ‘धानोरा नाक्याच्या पुढं’ म्हणणं सोडून ‘बाटली, बाटलीवाले उतरा’ असा पुकारा सुरू केला. मग आरमोरीपासून, चामोर्शीपासून लोक यायला लागले. त्यातले निम्मे नुसते पाहायला, आणि उरलेले बाटल्या घेऊन. कोणी तरी अशी अफवा उठवली होती, की जंगलातली सगळी मोहफुलं सरकारनं विकत घेतली असून गडचिरोलीत नळानं दारू देणार आहे. एक म्हातारा तर हरिदासभाऊंच्या अंगणात येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, “साहेब, कनेक्शनसाठी अर्ज कोनाकडं द्यायचा?”

हरिदासभाऊ सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाशी त्यांचा आवाज इतरांपेक्षा चढायचा, कारण पहिली चार अवघड असली तरी हे एक आपण पक्कं पाळतो, याची त्यांना खात्री होती. आता त्या ओळीला आले की मागून खोकल्याची साथ सुरू व्हायची. कचेरीत त्यांच्या साहेबांनी आत बोलावून, दार लावून, मायेनं विचारलं, “बांबोळे, घरी काही त्रास आहे का? हल्ली घेता म्हणे?”

नागपूरच्या एका वर्तमानपत्रानं फोटो छापला. त्यावरून दिल्लीच्या एका हिंदी पत्रानं ‘आदिवासी जिल्ह्यात सरकारी मद्यकुंभ’ असा मथळा दिला. बातमीत कॉलनीचं नाव बरोबर होतं. सेक्रेटरीचं नाव ‘हरदास बांबूवाले’ छापलं होतं. दिल्लीच्या माणसाला अखेर नवजीवन कॉलनी कळली होती. हरिदासभाऊंनी तो अंक गादीखाली ठेवला आणि त्यावर झोपायचंही सोडून दिलं. सतरंजी टाकून खाली झोपू लागले.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण पाणी अडलं.

टाकीचं उद्घाटन एका मंत्रीसाहेबांच्या हस्ते ठरलं होतं. त्यांनी फोटो पाहिला आणि कळवलं, की आम्ही बाटलीची फीत कापणार नाही. उद्घाटन नाही म्हणून सोमण साहेबांना पाणी सोडता येईना. त्यात एक्साइजचा इन्स्पेक्टर आला. त्याला टाकीत पाणीच आहे असा दाखला हवा होता. दाखला सोमण साहेबांनी द्यायचा. सोमण साहेब म्हणाले, गळतीच्या चाचणीसाठी टाकी भरली आहे हे खरं, पण नळाला पाणी सुरू झाल्याशिवाय ते पाणी खात्याच्या लेखी पाणी नव्हे. आणि इन्स्पेक्टर म्हणाला, दाखला मिळाल्याशिवाय नळ सुरू करायचा नाही. हरिदासभाऊ या कचेरीतून त्या कचेरीत आणि त्या कचेरीतून या कचेरीत उन्हातान्हात फिरले. जन्मभर त्यांनी लोकांना याच तऱ्हेनं फिरवलं होतं. फिरणारा माणूस इतका दमतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तिकडे मे लागला. टाकी पन्नास हजार लिटर पाण्यानं काठोकाठ भरलेली, तिच्या सावलीतून कॉलनीच्या बायका रिकामे गुंड घेऊन रुखमाबाईच्या विहिरीकडे जात होत्या. विहिरीनं तळ गाठला होता. गुलाबभाऊंच्या बायकोनं हरिदासभाऊंशी बोलणं टाकलं. मास्तर दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. वारलूभाऊ तेवढे रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायचे, पण त्यांचं वर्षाचं बोलणं आधीच झालेलं.

वच्छलाबाई डोक्यावरून गुंड उतरवताना एक दिवस म्हणाल्या, “साधी गोल झाली असती तं काय बिघडलं असतं?” त्यांच्या आवाजात राग असता तर हरिदासभाऊंनी उत्तर दिलं असतं. राग नव्हता. नुसता दम लागला होता.

त्याच आठवड्यात बायनाबाईचा मोर्चा आला.

बायनाबाई पलीकडच्या एका गावची. दारूपायी घर बसलेलं तिनं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिनं गावोगावच्या बायका जमवून कितीतरी दारूच्या भट्ट्या मोडल्या होत्या. सरकारनं टाकीभर दारू ठेवली आहे, हे तिच्याही कानावर गेलं. सकाळी अकराच्या सुमारास दीड-दोनशे बायका धुळीतून चालत कॉलनीत शिरल्या. कोणाच्या हाती मुसळ, कोणाच्या हाती घण, कोणाच्या हाती नुसताच झाडू, पण धरलेला असा की घण बरा. कॉलनीतल्या पुरुषांना एकाएकी घरातली कामं आठवली.

हरिदासभाऊ टाकीखाली उभे राहिले. पायांना पळत सुटावंसं वाटत होतं. पण सेक्रेटरी म्हणून पळायची रीत नव्हती. सोमण साहेबही जीपनं आले होते, ते जीपच्या पलीकडच्या बाजूला उभे होते.

“बाजूले व्हा, भाऊ,” बायनाबाई म्हणाली. “आमचं भांडन तुमच्याशी नाई. या बाटलीशी आहे.”

“बाई, हा तुंबा आहे.”

बायनाबाईनं वर पाहिलं. मागच्या बायकांनी वर पाहिलं. “तुंब्यावर तारे राह्यते का?” मागून कोणी तरी विचारलं.

“ते मी काढाले लावले,” हरिदासभाऊ म्हणाले. “चुकलं माझं. पन आतमंधी पानी आहे. बुद्धाची शपथ.”

“पानी आहे तं बायका वावरात काऊन जाते पान्याले? आम्ही आत्ता पाहून राह्यलो न रस्त्यानं. भरली टाकी सोडून कोन जाते?” बायनाबाईच्या ओठांवर पांढरी कोरड चढली होती. तिच्या मागे एक पोटुशी बाई झाडूच्या आधारानं खाली बसली. “पानी असंल तं दाखव. नाई तं फोडतो.”

हरिदासभाऊंनी सोमण साहेबांकडे पाहिलं. “साहेब, चावी.”

“बांबोळे, उद्घाटन झाल्याशिवाय मला अधिकार नाही. तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्ही स्वतः सरकारी माणूस आहात!”

‘अधिकार नाही’ हे शब्द हरिदासभाऊंनी आयुष्यभर लोकांना ऐकवले होते, आणि ते किती खरे आहेत हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. वरच्या सहीशिवाय त्यांनी कधी खिडकीचं तावदानही उघडलं नव्हतं. पण ती खाली बसलेली बाई त्यांना दिसत होती. “साहेब,” ते म्हणाले, “आदेश मागत नाई मी. चावी मागतो.”

सोमण साहेबांनी खिशात हात घातला. चावी काढून जीपच्या बॉनेटवर ठेवली, आणि लगेच वाकून टायरमधली हवा तपासू लागले. बराच वेळ तपासत राहिले.

हरिदासभाऊंनी कुलूप काढलं. व्हॉल्व्हचं लोखंडी चाक गच्च बसलं होतं. ते दोन्ही हातांनी लोंबकळले तरी हलेना. कुठूनसे वारलूभाऊ आले, त्यांनी एक हात लावला, आणि चाक कुरकुरत फिरलं. टाकीखालच्या मोठ्या नळातून आधी हवा फुसफुसली, मग नळ थरथरला, मग भस्सकन धार आली.

धार तांबडी होती.

लालसर, तपकिरी, फेसाळ. अगदी टाकीच्या रंगाची. दोनशे बायकांनी एकदमच ‘आँ’ केलं. बायनाबाईचं मुसळ वर गेलं. हरिदासभाऊंना आपण खरंच काही वर्षांपासून पीत असू आणि विसरत असू, असं क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात गर्दीतून वच्छलाबाई पुढे आल्या. विहिरीवरून परतत होत्या, डोक्यावर अर्धाच भरलेला गुंड होता. तो त्यांनी खाली ठेवला, पदर खोचला, नळाखाली ओंजळ धरली आणि ती तांबडी ओंजळ सगळ्यांदेखत पिऊन टाकली. मग तोंड वाकडं केलं.

“गंज आहे,” त्या बायनाबाईला म्हणाल्या. “पायपाचा. वर्षभर कोरडे पडले होते न पायपं. पन पानी आहे, बाई. मी पेली.”

मुसळ हळूहळू खाली आलं. तोवर धारेचा रंगही बदलायला लागला होता. तांबड्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा, आणि मग रंगच राहिला नाही. बायनाबाईनं मुसळ गुलाबभाऊंच्या हातात दिलं. ते नेमके तेव्हाच दाराआडून आले होते. तिनं पोटुश्या बाईला धरून नळाशी आणलं. आधी तिला पाजलं, मग स्वतः प्याली, मग डोक्यावर पाणी घेतलं. पाठोपाठ सगळ्या बायका आल्या. झाडू, घण, मुसळ भिंतीला टेकवून त्या पोटभर प्याल्या, एकमेकींवर पाणी उडवत हसायला लागल्या. कॉलनीतल्या घरांतून एकेक पुरुष बादली घेऊन बाहेर आला, जणू मघापासून बादलीच शोधत होता.

“फीत कापाची राह्यली जी,” गुलाबभाऊ मुसळ सांभाळत म्हणाले.

“झालं ते उद्घाटन,” सोमण साहेब टायरापासून उठत म्हणाले. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि बायनाबाईकडे बोट केलं. “प्रमुख पाहुण्या स्वतः चालत आल्या. अजून काय पाहिजे?”

जाताना बायनाबाईनं दोन गोष्टी सांगितल्या. चिठ्ठी अन् तारे आजच्या आज पुसा, ही पहिली. आणि दारूबंदीची पुढची सभा इथंच, या टाकीखाली घेऊ, ही दुसरी. “जागा साऱ्यायले ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पत्ता सांगाची गरज नाई.”

दुपारी दोन वाजता नागपूरचा वार्ताहर पोचला. मोर्चा गाठायला निघालेला, पण त्याची बस नागभीडजवळ पंक्चर झाली होती. तो हरिदासभाऊंच्या ओसरीवर बसला आणि पेन्सिल काढून म्हणाला, “बांबोळे साहेब, या सगळ्या प्रकरणावर आपली प्रतिक्रिया?”

हरिदासभाऊंनी घसा साफ केला. कित्येक दिवस गादीवर झोपले नव्हते, त्या प्रत्येक रात्री त्यांनी हे उत्तर मनात घोळवलं होतं. त्यात लोकशाही होती, तुंब्याचा इतिहास होता, आणि आपलं नाव बांबूवाले नसल्याचा खुलासा होता. ते म्हणाले, “सर्वप्रथम मी असं सांगू इच्छितो...”

“अजी!” आतून वच्छलाबाईंची हाक आली. आत घरच्या नळाला धो धो पाणी येत होतं आणि त्या आवाजावर त्यांना ओरडावं लागत होतं. “सांगाचं मंग सांगा! बादली भरली, दुसरी लावा! कोन जाने कवा जाईल!”

हरिदासभाऊ उठले. वार्ताहर वाट पाहत बसला. थोड्या वेळानं आतून पुन्हा हाक आली, “अन् त्या पाहुण्याले म्हना, बसलेच आहे तं कोपऱ्यातला मोठा गुंड इकडं सरकवा.”

वार्ताहरानं पेन्सिल कानावर ठेवली आणि गुंड उचलला.